टाकीतलं लिंबू

टाकीजवळ

जावयाचे दोन पाय टाकीबाहेर होते. बाकीचा जावई आत होता.

टाकी वाइनची, स्टीलची, दोन पुरुष उंच. खालच्या अंगाला तिला एक दार असतं. दार कसलं, देवळीपेक्षा जरा मोठं भोक. अंग चोरून एक माणूस कसाबसा आत जाईल एवढंच. पांडुरंग त्यातून कमरेपर्यंत आत गेलेला आणि तसाच पडून राहिलेला. मी जेवणाचा डबा खाली ठेवला आणि त्याच्या पोटरीवर चापट मारली. पाय हलला नाही. ओढायला गेले तर गमबूट निघून हातात आला.

"सोमा!" मी ओरडले. "सोमा, धाव! पांडुरंग आत पडलाय!"

सोमा पलीकडे द्राक्षांचे क्रेट धूत होता. हातातला पाइप टाकून तो आला. आम्ही एकेक पाय धरून ओढलं. अंग वीतभर मागे आलं आणि अडलं. सोमाने गुडघ्यावर बसून आत नजर टाकली आणि लगेच तोंड बाजूला घेतलं.

"हात दुमडलाय, आजी. कोपर आडवं बसलंय दाराला. वढू नका, मोडंल."

"मग?"

"मी वरून उतरतो. आतून ढकलतो त्याला, तुम्ही बाहेरून वढा."

"आधी पंखा लाव."

"पंख्याला टाइम नाय."

तो शिडी चढला. वरचं झाकण उघडलं, छाती भरून श्वास घेतला, ओठ मिटले आणि पाय आत सोडले. त्याचं डोकं दिसेनासं झालं. मी जावयाचे पाय धरून खाली बसले होते.

मी नाशिकला टाक्या बघायला गेले नव्हते. पोरीला परत न्यायला गेले होते.

द्वारका

आम्ही श्रीगोंद्याकडचे. घरची लिंबाची बाग आहे. कागदी लिंबू, पातळ सालीचं, रसाला चांगलं. माझी धाकटी सुनंदा नाशिकला दिली. पांडुरंग तेव्हा द्राक्षाच्या बागेत कामाला होता. लग्नानंतर तो वाइनच्या कारखान्यात लागला. दोन हजार सालानंतरचे हे दिवस. नाशिकच्या आसपास तसले कारखाने नवे नवे निघत होते.

आमच्या गावात वाइन कोणाला माहीत नव्हती. दारू माहीत होती. आमच्या घरात तर फार चांगली माहीत होती, सुनंदाचे वडील तिच्यातच गेले. त्यामुळे गावात कोणी "जावई काय करतो" असं विचारलं की मी "द्राक्षाच्या कामात आहे" म्हणायची. मग गावातला एकजण नाशिकला जाऊन आला आणि चावडीवर सगळ्यांना सांगून बसला. मी पाल्यासकट लिंबाचं एक पोतं भरलं, लोणच्याची बरणी फडक्यात बांधली आणि एस.टी.त बसले. जावई काम सोडत नाही तोवर पोरगी माझ्याकडे राहील, असं ठरवूनच निघाले होते.

नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकात उतरले आणि पोतं फाटलं. ज्यांनी द्वारका पाहिली नाही त्यांना सांगते, तिथे चारी बाजूंनी गाड्या येतात आणि कोणी कोणासाठी थांबत नाही. माझी लिंबं रिक्षांच्या चाकांखाली पळाली. एक रिक्षावाला हसत म्हणाला, "आजी, तुम्ही लिंबं आणली का लिंबांनी तुम्हाला आणलं?"

"आधी उचल," मी म्हटलं, "मग तोंड चालव."

त्याने उचलली. भाजीवाल्या बाईने उचलली. एका पोलिसानेही उचलली, पण ती त्याच्या खिशात गेली. तेवढ्यात पांडुरंग आला. इस्त्रीच्या कपड्यांत तो रिक्षांखाली वाकून लिंबं गोळा करत होता. चाकाखाली फुटलेलं एक लिंबू त्याने फेकून दिलं नाही. नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला आणि रुमालात बांधलं.

मला वाटलं, हा दुपारीच पिऊन आलाय.

"मामी," तो म्हणाला, "ठेचलेल्या लिंबाचा वास वेगळा आणि कापलेल्याचा वेगळा. हो ना?"

"घरी चला," मी म्हटलं.

गंगापूर रोड

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला त्यांची एक खोली होती. मागे मोरी, पुढे पत्र्याचा ओटा. खोली स्वच्छ होती. दोष काढायला मला काही सापडलं नाही, त्याचाही राग आला.

सकाळी पांडुरंगाने मिसळ आणली. नाशिकला सकाळीच मिसळ खातात. काळ्या मसाल्याची तर्री, वर कांदा, आणि लिंबाची फोड इतकी बारीक की पिळताना बोटाला बोट लागावं. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात अर्धं लिंबू ठेवतात, मग वाढणारा गरीब का असेना. मी तसं बोलले. सुनंदा म्हणाली, "आई, इथं लिंबू विकत घ्यावं लागतं."

वरण मात्र तिने माझ्यासारखं केलं होतं. लिंबू चुलीवर पिळायचं नाही, कडवट होतं. भात वाढला, वरण घातलं, तूप घातलं, मग ताटात पिळायचं. एवढं तिने धरून ठेवलं होतं. जेवताना मी विषय काढला.

"तुला न्यायला आलेय."

"कशाला?"

"दारूच्या कारखान्यातला पैसा घरात नको."

पांडुरंग म्हणाला, "मामी, वाइन म्हणजे तशी दारू नव्हे."

"मग काय सरबत?"

सुनंदाला हसू आलं. तिने ते पदरात दाबलं. नवऱ्याकडे बघून हसणारी पोरगी परत येत नसते, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या घरात मी तसं हसले नव्हते, त्यामुळे मला ते ओळखू आलं नाही.

पांडुरंगाने फळीवरून काचेच्या लहान बाटल्या काढून माझ्यापुढे मांडल्या. एकीत पेरूची फोड, एकीत वाळलेलं गवत, एकीत मध, एकीत लिंबाची साल. कारखान्यात चव घेणारे एक साहेब अधूनमधून परगावाहून येत. ते म्हणत, वाइनमध्ये कशाकशाचे वास असतात, ते ओळखायला नाक तयार करावं लागतं. वरून काही घालत नाहीत. द्राक्ष आंबताना ते आपसूक येतात.

"आमच्या पांढऱ्या वाइनला पेरू येतो, गवत येतं," पांडुरंग म्हणाला. "परदेशातल्या काहींना लिंबू येतं म्हणतात. आपल्याकडं अजून आलं नाही. आलं तर मला ओळखता आलं पाहिजे."

टाक्या धुणाऱ्या माणसाला वास घेऊन काय करायचंय, असं मी विचारलं. तो म्हणाला, साहेबांना हाताखाली एक माणूस पाहिजे आहे, नाक चांगलं असलेला.

मी पोत्यातली लिंबं काढली. लिंबू म्हणजे काही एकच वास नसतो. हिरव्या लिंबाचा वास नाकात टोचतो, पिकल्याचा गोड असतो. पान चुरगळलं की वेगळा, फुलाचा वेगळा. साल नखाने खरवडली की जो उडतो तो डोळ्यांत जातो. मिठात मुरलेल्या लिंबाचा वास तर लिंबासारखा राहतच नाही. त्याला ऊन लागलेलं असतं, बरणी लागलेली असते. त्याने डोळे मिटले आणि मी एकेक वस्तू त्याच्या नाकाखाली धरत गेले. चुकला की मी म्हणायची, "नाही. परत." तो परत घ्यायचा. सुनंदा भाकरी थापत आमच्याकडे बघत होती.

मी दोन दिवसांसाठी आले होते. राहिले जास्त. परत न्यायचं बोलणं मी रोज उद्यावर टाकत होते.

कारखाना

कारखाना धरणाच्या बाजूला, द्राक्षाच्या बागांमध्ये. आमच्याकडे झाडं मोकळी वाढतात, काटेरी, माणसाला ओरबाडतात. इथे वेली लोखंडी अँगलला तारेने बांधून रांगेत उभ्या केलेल्या, शाळेतल्या पोरांसारख्या. थंडीचे दिवस होते. सकाळी बागांवर धुकं आणि कारखान्याच्या दारातच आंबलेल्या पिठासारखा वास.

तिथे सोमा भेटला. घोटीच्या पलीकडचा, भाताच्या मुलखातला. भात निघाला की बायको हिराला घेऊन हंगामाच्या कामाला नाशिकला यायचा. कारखान्यामागे पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथे दोघं राहत. पांडुरंगाचं आणि त्याचं चांगलं जमायचं. ठेंगणा, रुंद छातीचा, बोलताना सारखा हसणारा.

"आजी, आम्हाला बी एक लिंबू द्या की. डागी नको."

"खायला?"

"नाय, बांधायला. परवा त्या टाकीच्या शिडीवरून मी पडता पडता वाचलो. नजर लागली टाकीला."

नव्या गाडीला, दुकानाला लिंबू-मिरची बांधतात तशी सोमाला टाकीला बांधायची होती. हंगाम सुरू करताना पूजा झाली तेव्हा मालकांनी लिंबू कापायला हरकत घेतली नव्हती. पण टाकीला काही टांगायचं नाही, असा सुपरवायझरचा हुकूम होता. एकदा त्याने तसं लिंबू तोडून फेकलं होतं आणि सगळ्यांना सांगितलं होतं, पुन्हा दिसलं तर बांधणारा घरी जाईल.

मी त्याला एक चांगलं लिंबू दिलं. त्याने ते मिरच्यांसकट दोऱ्यात ओवून टाकीच्या वरच्या झाकणाच्या कडीला बांधलं, खालून दिसणार नाही असं. पांडुरंगाने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्याच दिवशी पांडुरंगाने मला टाकी कशी धुतात ते सांगितलं. वाइन दुसऱ्या टाकीत घेतली की तळाला गाळ राहतो. रिकामी दिसते, पण रिकामी नसते. द्राक्ष आंबताना जी हवा सुटते ती आत भरून राहते. दिसत नाही. पेटती काडी आत धरली तर विझते. म्हणून आधी मोठा पंखा लावायचा, बराच वेळ, सुपरवायझर समोर असला पाहिजे, आणि मगच आत जायचं. हे त्याने मला सांगितलं. त्याला माहीत होतं. सोमालाही माहीत होतं.

धरणाचा काठ

रविवारी आम्ही सगळे गंगापूर धरणाच्या काठाला गेलो. पंचवटी, रामकुंड मी काही पाहिलं नाही. लोक परत आल्यावर विचारत होते, म्हणून सांगून टाकते.

सोमाने जाळं टाकलं होतं. ते पाण्याखालच्या खोडाला अडकलं. कपडे काढून तो पाण्यात शिरला, छाती भरून श्वास घेतला, ओठ मिटले आणि खाली गेला. वर येईना. पाणी सपाट झालं. मी हिराकडे पाहिलं. ती शांतपणे चूल मांडत होती.

"अगं, तुझा नवरा बुडाला!"

"त्यो नाय बुडत, आजी. येतो वर."

तो आला, जाळं घेऊन. मी काठावरूनच शिव्या घातल्या. "मेला होतास का तिकडं?"

"आजी, माझा श्वास लय लांब हाय," तो हसत म्हणाला. "आमच्यात पैज लागती. मी हारलोच नाय कधी."

हिराने निखाऱ्यांवर लिंबाची पानं टाकली आणि पानांवर मासे ठेवले. पान जळताना जो धूर येतो तो माशाला लागतो. वरून लिंबू पिळलं ते मासे खाली उतरवल्यावर. मी म्हटलं, "चुलीवर का नाही पिळलं?" ती म्हणाली, "कडू व्हतं ना." मला बरं वाटलं. मी मासे खात नाही, माळकरी घरातली. पण त्या दिवशी पानांचा वास मी पुष्कळ घेतला. नागलीची भाकरी आणि चटणी खाल्ली. पांडुरंग सुनंदाला डोळे मिटायला लावून जळकं पान, ओलं पान ओळखायला लावत होता, आणि ती मुद्दाम चुकत होती.

तेव्हा मी मनात ठरवलं की पोरीला न्यायचं नाही. बोलले मात्र नाही कोणाला.

बाटली

त्यानंतर काही दिवसांनी पांडुरंग एका लहान बाटलीत वाइन घेऊन आला. सोमाने लिंबू बांधलेल्या टाकीतली होती. दुसऱ्या टाकीत काढताना साहेबांसाठी नमुना ठेवायचा असतो, त्यातली थोडी. "मामी, प्यायची नाही. नुसता वास घ्या. मला यात पेरू मिळत नाही, गवत मिळत नाही."

मी बाटली नाकाशी धरली. दारूच्या वासाला मी आयुष्यभर तोंड फिरवलं आहे. पण हा वास दारूचा नव्हता.

"लिंबू आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. आणि ताजं नव्हे. मिठात घालून उन्हात ठेवलेलं. आठ-दहा दिवसांचं."

तो खुश होईल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी वरचं झाकण उघडताना त्याने पाहिलं होतं, दोरा तुटलेला होता. मिरच्या कडीला लोंबत होत्या आणि लिंबू नव्हतं.

"ते आत पडलंय, मामी," तो म्हणाला. "इतके दिवस आत मुरतंय. तुम्हीच म्हणालात, आठ-दहा दिवसांचं."

"वास द्राक्षालाही येतो म्हणाला होतात ना तुम्ही?"

"आपल्याकडं कधी आला नाही. आणि नेमकं याच टाकीला, नेमकं मुरलेलं लिंबू?"

वास होता, तो मी सांगितला. सुनंदा म्हणाली, "उद्या सुपरवायझरला सांगून टाका." तो म्हणाला, सांगितलं की सोमाला त्याच दिवशी गावाला पाठवतील. आणि टाकीभर वाइन गटारात गेली तर ती कोणाच्या नावावर जाईल, हे सांगायलाच नको. सोमाला त्याने काही कळवलं नाही. म्हणाला, तो घाबरून काहीतरी करून बसेल.

साहेब

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दिल्लीकडचे, हिंदी बोलणारे, हसरे. पांडुरंग पेले पुसून देत होता. हे मी पाहिलेलं नाही, त्याने नंतर सांगितलेलं आहे.

साहेबांनी त्या टाकीची वाइन तोंडात घेतली, घोळवली, थुंकली. पुन्हा घेतली. मग सुपरवायझरकडे बघून म्हणाले, "अरे, ये नींबू कहाँ से आया? अचारवाला नींबू!"

ते हसत होते. पण सुपरवायझर हसला नाही. त्याने पांडुरंगाकडे पाहिलं. लिंबू बांधायची खोड कोणाकोणाला आहे ते त्याला माहीत होतं. पांडुरंगाला वाटलं, संपलं. जेवणाच्या सुट्टीनंतर टाकी धुवायची होती. सुपरवायझर समोर उभा राहणार, पंखा लागणार, दार उघडणार, आणि गाळातून लिंबू निघणार. त्याच्या आधी ते काढलं पाहिजे.

साहेबांनी पुढे काय म्हटलं ते ऐकायला तो थांबला नाही. साहेब म्हणाले होते, हे या मातीत पहिल्यांदा आलं आहे, या टाकीची वाइन वेगळी ठेवा, हिच्यात दुसरं काही मिसळू नका.

पुन्हा टाकीजवळ

जेवणाच्या सुट्टीत टाकीपाशी कोणी नसतं. पांडुरंगाने खालचं दार उघडलं. आत उतरायचं नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो उतरला नाही. नुसतं डोकं आत घालून बॅटरीने बघावं आणि लांब दांड्याच्या खोऱ्याने लिंबू ओढून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. डोकं आत घालणं म्हणजे आत जाणं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. लिंबू दिसेना म्हणून तो आणखी आत सरकला.

मी डबा घेऊन गेले. एरवी सुनंदा जायची. त्या दिवशी तिने कपडे भिजवले होते.

सोमा आत उतरल्याचा आवाज आला. गाळात पाय पडल्याचा. मग जावयाचं अंग माझ्या हातात हललं. आतून कोणीतरी त्याचा हात सरळ करत होतं. मी ओढलं. आतून जोराचा रेटा आला. मी मागे आपटले आणि पांडुरंग माझ्या अंगावर येऊन पडला. तोंड निळं, नाकाला गाळ.

"आला रे!" मी ओरडले. "सोमा, आला! आता तू ये!"

दार मोकळं झालं होतं. त्या दारातून सोमाची बोटं बाहेर आली. चार बोटं दाराच्या कडेवर. मी ती धरली. मी म्हातारी आहे, पण लिंबाच्या झाडाखाली जन्म गेलेला आहे, माझ्या हातात जोर होता. मी ओढलं. बोटं गाळाने माखलेली होती, सुटली.

धरणात त्याने जाळं सोडवलं आणि वर आला. वर हवा होती. इथे जाळं सोडवून झालं आणि वर हवा नव्हती. एवढाच फरक.

माझ्या ओरडण्याने लोक आले. सुपरवायझर आला, पंखा आला. दोघांनी आतून येणाऱ्या हवेकडे तोंड न करता सोमाला त्याच दारातून काढलं. कारखान्याच्या जीपमध्ये दोघांना घातलं. मी मागे बसले, एकाचं डोकं या मांडीवर, दुसऱ्याचं त्या. हिरा जीपमागे धावत होती. कोणीतरी तिला नंतर आणलं.

टाकी संध्याकाळी उघडी करून गाळ उपसला. पोलीस उभे होते. गाळ पसरून पाहिला. खोरं निघालं, बॅटरी निघाली. लिंबू नव्हतं. कावळ्याने नेलं, उंदराने नेलं, दोरा तुटून खाली पडून कोणाच्या पायाने कुठे गेलं, काही कळलं नाही. द्राक्षातच लिंबू होतं. साहेबांनी ते आधीच ओळखलं होतं, आणि मी त्यांच्याही आधी.

घोटी

दहाव्याला मी आणि सुनंदा सोमाच्या गावी गेलो. घोटीला बस बदलावी लागते. घोटीचा बाजार भाताचा, पोत्यांच्या थप्प्या आणि तांदळाचा कोंडा हवेत. पुढचा रस्ता डोंगराचा. भात निघालेली खाचरं उघडी पडलेली होती. आमच्याकडे त्या महिन्यात झाडाला फळ असतं. तिथे त्या महिन्यात काहीच नसतं, म्हणून तर माणसं नाशिकला येतात.

त्यांनी आम्हाला भात वाढला आणि खुरासणीची चटणी. ज्यांच्या घरातून माणूस गेला ते आम्हाला वाढत होते. सुनंदाला घास गिळवेना. मी जेवले. न जेवणं म्हणजे त्यांना आणखी एक काळजी.

हिरा भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आजी, लिंबू घावलं का?"

"नाही."

"गाळात बी नाय?"

"गाळ सगळा उपसला. नव्हतं."

"मंग त्यो कशाला उतरला?"

"पांडुरंगाला काढायला."

"आन पांडुरंग?"

"लिंबू बघायला."

मला सांगावंसं वाटलं की पांडुरंग तुझ्याच नवऱ्याची नोकरी वाचवायला आत शिरला होता. पण सांगून तिला काय मिळालं असतं? तो दोषही तिच्याच पदरात पडला असता. निघताना तिच्या सासूने आमच्या पिशवीत तांदूळ घातले. नको म्हणता येईना.

परत

पांडुरंग दवाखान्यातून घरी आला. चालतो, बोलतो. विसरतो थोडं. कारखान्याने त्याला काढलं नाही, फाटकावर बसवलं. साहेब भेटायला आले होते. त्यांनी एक बाटली आणली होती, त्याच टाकीतली. त्यांना वाटलं, त्याला बरं वाटेल.

मी निघायच्या दिवशी त्याने ती उघडली. पेल्यात ओतली, नाक आत घातलं. मग लिंबाचं पान चुरगळून नाकाशी धरलं. साल खरवडली. माझी लोणच्याची बरणी उघडून तिच्यात तोंड घातलं.

"मामी, काहीच येत नाही हो."

डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू. आता कितीतरी वर्षं झाली, आलेलं नाही. जळालेलं दूधही त्याला कळत नाही.

त्याने पेला माझ्यापुढे केला. "तुम्ही बघा. आहे का अजून?"

मी वास घेतला. तोच होता. मिठात मुरलेला, ऊन लागलेला, आमच्या माळवदावरच्या बरणीतला. खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी जमलं नसतं.

"आहे," मी म्हटलं.

सुनंदाला मी परत नेलं नाही. तीही आली नसती. गाडीत बसले तेव्हा पोतं रिकामं होतं. गावात बायका विचारायला आल्या, नाशिकला काय झालं. कोणी म्हणालं जावई दारू पिऊन पडला, कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं लिंबानेच राखलं म्हणून जावई वाचला. म्हणून हे सगळं लिहिलं आहे. पांडुरंगाने दारू कधी प्यायली नाही. लिंबाने कोणाला राखलं नाही.

पांडुरंग जगला. सोमा टाकीतून काढला तेव्हाच गेलेला होता.